पुरातत्त्वीय स्थळांची सुगम्यता

प्राचीन लेणी, मंदिरे, किल्ले, समाध्या, उत्खनित अवशेष इत्यादींपर्यंत दिव्यांग व्यक्तींना शक्य तितक्या स्वतंत्रपणे, सुरक्षितपणे व सन्मानाने पोहोचता यावे, तेथे वावरता यावे आणि त्या स्थळाचे स्वरूप समजून घेता यावे, म्हणून केलेल्या व्यवस्थेस पुरातत्त्वीय स्थळांची सुगम्यता असे म्हणतात. या संज्ञेत केवळ चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प बांधणे एवढेच अभिप्रेत नाही. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, बौद्धिक दृष्ट्या दिव्यांग, तसेच वार्धक्य, हृदयविकार वा सांधेदुखी यांमुळे चालण्यास असमर्थ असलेले प्रेक्षक यांच्या गरजांचाही तीत समावेश होतो. एका बाजूने मूळ वास्तूस धक्का न लावण्याचे कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूने सर्व नागरिकांचा सांस्कृतिक वारशावरील समान हक्क, या दोहोंचा मेळ घालणे हा या विषयाचा गाभा होय. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक ठळकपणे जाणवतो तो छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) व त्याच्या परिसरात. कारण अजिंठा व वेरूळ ही दोन जागतिक वारसास्थळे, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, औरंगाबादची लेणी आणि पितळखोरे अशी भिन्न प्रकृतीची स्थळे या एकाच जिल्ह्यात आहेत.

पार्श्वभूमी : प्राचीन वास्तूंची दुर्गमता ही बहुधा हेतुपूर्वक निर्माण केलेली असते. बौद्ध भिक्षूंनी वर्षावासासाठी वस्तीपासून दूर, पाण्याजवळचे व एकसंध बेसाल्ट खडकाचे कडे निवडले. किल्ल्याच्या बाबतीत तर शत्रूला वर येता येऊ नये हेच बांधणीचे मुख्य सूत्र असते. मंदिराचे व समाधीचे उंच जोते हे पावित्र्याचे व वैभवाचे प्रतीक मानले जाई. त्यामुळे पायऱ्या, अरुंद दारे, उंच उंबरठे व अंधारे मार्ग हे या वास्तूंचे दोष नसून त्यांच्या अर्थाचाच भाग आहेत आणि म्हणूनच त्यांत बदल करणे अवघड ठरते.

मात्र ही स्थळे जशी होती तशीच आज प्रेक्षकांसमोर आहेत, ही समजूतही बरोबर नाही. अजिंठ्यास प्राचीन काळी प्रत्येक लेण्यापासून वाघोरा नदीच्या पात्राकडे उतरणारा स्वतंत्र जिना होता आणि त्यांपैकी काहींच्या खुणा अद्याप दिसतात. कड्याच्या मध्यावरून सर्व लेण्यांना जोडणारी आजची वाट ही आधुनिक काळातील असून ती प्रेक्षकांच्या सोयीसाठीच करण्यात आली. कठडे, विजेचे दिवे, तिकीटघरे, उपाहारगृहे यांविषयीही असेच म्हणता येईल. प्रेक्षकांसाठी स्मारकाच्या परिसरात भर घालण्याची प्रथा जुनीच आहे. ही भर घालताना कोणता प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवला गेला, हाच खरा प्रश्न आहे.

कायदेशीर आधार : १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सार्वजनिक इमारतींत रॅम्प, ब्रेल चिन्हे इ. सोयी करण्याची तरतूद केली. तथापि ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाची होती. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिलेल्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यात अनुच्छेद ९ सुगम्यतेविषयी आहे. अनुच्छेद ३० मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक महत्त्वाची स्मारके व स्थळे यांचा स्पष्ट उल्लेख असून ती शक्य तितकी सर्वांना खुली असावीत, असे म्हटले आहे. त्यास अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा हक्क मान्य केला आहे, तर कलम ४५ अन्वये अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करणे आवश्यक ठरविले आहे. नियम २०१७ मध्ये अधिसूचित झाले असल्याने ही मुदत २०२२ मध्येच संपली. केंद्र शासनाने ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू केले, तर महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुगम्यतेसंबंधी निदेश दिले. त्याच खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय देऊन किमान मानके बंधनकारक करण्यास न्यायालयाने शासनास सांगितले.

या विषयाचे महत्त्व पुढील आकड्यांवरून लक्षात येईल. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सु. २·६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २·२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी सु. २९·६ लक्ष महाराष्ट्रात होत्या. ही गणना जुन्या, मर्यादित प्रकारांवर आधारलेली होती.

स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा दुसऱ्या बाजूस उभा आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. २०१० च्या सुधारणेने संरक्षित सीमेपासून १०० मी. पर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, तर त्यापुढील २०० मी. पर्यंतचे क्षेत्र नियंत्रित ठरविले. त्यामुळे साधे स्वच्छतागृह किंवा वाहनतळ यांची जागा ठरवितानाही विचार करावा लागतो. तथापि हे दोन कायदे परस्परविरोधी नाहीत. स्मारक जतन करावयाचे ते लोकांसाठी, आणि दिव्यांग व्यक्ती या त्या लोकांतच मोडतात.

जतनाची तत्त्वे : १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकाचा समाजोपयोगी वापर त्याच्या जतनास पोषक मानला, मात्र त्यासाठी वास्तूची रचना व अलंकरण बदलता कामा नये, अशी अट घातली. अपरिहार्य अशी नवी भर मूळ वास्तूहून वेगळी ओळखू आली पाहिजे, असेही तीत म्हटले आहे. यांवरून सुगम्यतेच्या कामास लागू पडणारी काही सूत्रे निघतात : (१) नवे बांधकाम मूळ दगडात खिळे वा भोके न पाडता, स्वतःच्या भारावर उभे असावे; (२) ते पुढे काढून घेता येण्याजोगे असावे; (३) त्याने मूळ पायऱ्या झाकल्या तरी त्यांची झीज होऊ नये व पावसाचे पाणी अडू नये; (४) ते प्राचीन असल्याचा आभास निर्माण करू नये; (५) जेथे प्रत्यक्ष प्रवेश अशक्य असेल, तेथे पर्यायी अनुभवाची सोय करावी.

उतार हा तांत्रिक दृष्ट्या सर्वांत निर्णायक घटक होय. भारतातील मानकांप्रमाणे रॅम्पचा उतार साधारणतः १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १ मी. चढण्यासाठी १२ मी. लांबी लागते आणि सु. ९ मी. अंतरानंतर विसाव्यासाठी सपाट टप्पा ठेवावा लागतो. या हिशेबाने १५ सेंमी. उंचीच्या एका पायरीस १·८ मी. लांबीचा रॅम्प पुरतो. परंतु ३ मी. उंचीच्या ओट्यास ३६ मी. उतार व त्यातील टप्पे धरून ४० मी. हून अधिक लांबी लागते. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एकदोन पायऱ्यांचे अडथळे अल्प खर्चात व वास्तूस अपाय न करता दूर होऊ शकतात. मोठ्या उंचीसाठी मात्र रॅम्प हा उपाय नव्हे. तेथे उद्‌वाहक (लिफ्ट), वाहन किंवा पर्यायी दर्शन यांचाच विचार करावा लागतो.

वेरूळ : शहरापासून सु. ३० किमी. अंतरावरील या समूहात बौद्ध (१ ते १२), हिंदू (१३ ते २९) व जैन (३० ते ३४) अशी ३४ क्रमांकित लेणी आहेत. ती २ किमी. हून अधिक लांबीच्या डोंगरउतारावर पसरली असली, तरी त्यांपैकी बरीच पायथ्याच्या पातळीवर असल्याने अजिंठ्याच्या तुलनेने वेरूळ अधिक सुगम आहे. जैन लेण्यांकडे वाहनाने जाता येते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७७३) याच्या काळातील कैलास (क्र. १६) हे लेणे कड्याच्या माथ्यापासून खाली कोरत आणले आहे. त्यामुळे त्याचे सु. ८४ मी. लांब व ४७ मी. रुंद प्रांगण बाहेरील जमिनीच्या जवळपास पातळीवर आले. परिणामतः प्रवेशद्वारासमोरील गजलक्ष्मी, दोन्ही बाजूंचे एकाश्म हत्ती, ध्वजस्तंभ, रामायण व महाभारत यांतील प्रसंगांचे शिल्पपट, कैलास पर्वत हलविणारा रावण, उत्तरेकडील नदीदेवतांचे दालन आणि मंदिराचा भार पाठीवर घेतल्यासारखी जोत्यावरील हत्तींची रांग हे सारे खालूनच पाहावयाचे आहे. चाकांच्या खुर्चीवरील प्रेक्षकास या शिल्पवैभवाचा मोठा भाग डोळ्यांच्या पातळीवर येतो. उंबरठे व खडबडीत फरशी यांवर अल्प खर्चात उपाय करता येतो.

खरी अडचण आहे ती वरच्या मजल्यावरील सभामंडप व गर्भगृह यांची. जोत्याची उंची साडेसात मीटर धरली, तरी तेथवर नेणाऱ्या रॅम्पची लांबी टप्पे सोडून ९० मी., म्हणजे संपूर्ण प्रांगणाहून अधिक होईल. तो बांधणे म्हणजे लेण्याचे रूपच झाकून टाकणे होय. म्हणूनच २०२३ मध्ये या लेण्यात फारसे बांधकाम न करता बसविता येईल असा लहान आकाराचा जलदाबीय उद्‌वाहक बसविण्याचा प्रस्ताव भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुढे आला. अशा यंत्राचा भार, कंपन, तेलगळती, विजेचा पुरवठा व दृश्य परिणाम यांची तपासणी करावी लागते. त्याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे ते चालू स्थितीत ठेवणे. बंद पडलेले यंत्र हे प्रेक्षकास नसलेल्या यंत्रापेक्षा अधिक निराश करते. दोन ताल (क्र. ११), तीन ताल (क्र. १२) व दशावतार (क्र. १५) या बहुमजली लेण्यांत असे यंत्र बसविणे अधिकच कठीण असून त्यांच्या वरच्या मजल्यांसाठी छायाचित्रे, प्रतिकृती व चलत्‌चित्रे यांचाच आधार घ्यावा लागेल.

अजिंठा : शहरापासून सु. १०० किमी. वरील ही लेणी वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर, सु. ७६ मी. उंचीच्या कड्यात कोरलेली आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडल्यानंतर ती जगापुढे आली. खासगी वाहने फर्दापूर तिठ्याजवळ थांबवून तेथून सु. ४ किमी. बसने जावे लागते. हवेचे प्रदूषण टाळण्यासाठी ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु बसची पायरी उंच असल्यास दिव्यांगांच्या प्रवासाची साखळी येथेच तुटते. पुढे तिकीटघरापासून पहिल्या लेण्यापर्यंत चढण आणि नंतर लेण्यालेण्यांमध्ये वरखाली करणाऱ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक लेण्याच्या ओसरीस पुन्हा स्वतंत्र पायऱ्या असतात.

या ठिकाणी चालू न शकणाऱ्यांसाठी डोलीची सोय आहे. खुर्चीला दांडे बांधून चार माणसे ती खांद्यावर वाहून नेतात. अनेक वृद्ध व दिव्यांग प्रेक्षकांना अजिंठ्याचे दर्शन केवळ या वाहकांच्या श्रमामुळे घडले आहे, हे नमूद केले पाहिजे. स्थानिक लोकांना तीतून उपजीविकाही मिळते. तथापि सुगम्यतेच्या दृष्टीने डोली हे पूर्ण उत्तर नव्हे. डोलीत बसलेली व्यक्ती आपल्या इच्छेने थांबू, वळू वा परतू शकत नाही. घसरण्याची धास्ती असते. आणि इतरांस जे हक्काने मिळते ते तिला अधिक पैसे मोजून व परावलंबी होऊन मिळते. ठराविक दर, सुरक्षापट्टा, वाहकांचे प्रशिक्षण, विमा व विसाव्याच्या जागा यांची जोड दिल्यास ही पारंपरिक सेवा वाहक व प्रवासी या दोघांच्याही दृष्टीने सन्मान्य होऊ शकते. कड्याच्या बाजूस कायमस्वरूपी मोठे बांधकाम करण्यापेक्षा हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

अजिंठ्याची दुसरी अडचण चित्रांच्या नाजूकपणातून येते. उष्णता, आर्द्रता, धूळ व प्रखर प्रकाश यांमुळे चित्रांची हानी होते. म्हणून चित्रित लेण्यांत एका वेळी मर्यादित प्रेक्षक सोडतात, प्रकाश मंद ठेवतात व छायाचित्रणासाठी झोतदिव्यास मनाई असते. ही बंधने आवश्यक असली, तरी मंद प्रकाशात अल्पदृष्टी प्रेक्षकास चित्रे जवळजवळ दिसत नाहीत आणि ठराविक वेळ हळू चालणाऱ्यास पुरत नाही. चित्रांवरील प्रकाश वाढविणे हा यावरील उपाय नव्हे. मोठ्या आकाराच्या छायाचित्रांची पुस्तिका, प्रवेशापूर्वीचे चित्रदालन व गरजूंसाठी गर्दी नसलेली राखीव वेळ हे उपाय चित्रांस अपाय न करता योजता येतात.

या संदर्भात प्रतिकृतींचे महत्त्व मोठे आहे. फ्रान्समधील लास्को ही प्रागैतिहासिक चित्रगुहा १९६३ मध्ये प्रेक्षकांस बंद करण्यात आली आणि १९८३ मध्ये तिच्या काही भागांची, तर २०१६ मध्ये अधिक विस्तृत प्रतिकृती खुली झाली. तेथे धडधाकट व दिव्यांग या दोघांनाही प्रतिकृतीच पाहावयास मिळते. त्यामुळे त्यांच्यातील भेद मिटतो. जपानच्या आर्थिक साहाय्याने झालेल्या विकासप्रकल्पातून अजिंठ्याच्या पायथ्याशीही एक अभ्यागत केंद्र उभारले गेले व ते २०१३ मध्ये सुरू झाले. लेणी क्र. १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती हे त्याचे वैशिष्ट्य होते. लेण्यांपर्यंत चढू न शकणाऱ्या प्रेक्षकास तेथे सपाट जमिनीवरून पद्मपाणीचे चित्र पाहणे शक्य झाले. परंतु पुढे त्याच्या कामकाजात खंड पडला. चढू शकणाऱ्यास अशा केंद्राची उणीव फारशी जाणवत नाही. न चढू शकणाऱ्यास मात्र ते बंद असणे म्हणजे अजिंठाच बंद असणे होय.

दौलताबाद : यादवांची देवगिरी म्हणून प्रसिद्ध असलेला हा किल्ला सु. २०० मी. उंचीच्या डोंगरावर आहे. तासून उभा केलेला कडा, खोदलेला खंदक, त्यावरील अरुंद पूल आणि ‘अंधारी’ नावाचा काळोखा वळणावळणाचा भुयारी मार्ग ही त्याची संरक्षणव्यवस्था शत्रूस रोखण्यासाठी होती. तीच आज पर्यटकास अडविते. येथे माथ्यापर्यंत सुगम्यता आणण्याचा आग्रह धरणे अवाजवी होईल. मात्र पायथ्याकडील महाकोटाच्या परिसरात चांद मिनार, हत्ती हौद व जुन्या जामा मशिदीचे स्तंभयुक्त प्रांगण ही महत्त्वाची स्थळे आहेत. प्रवेशद्वारापासून तेथवर समतल फरसबंद पट्टा करणे शक्य आहे. अंधारी व बालेकिल्ला यांचे स्पर्शक्षम प्रतिमान पायथ्याशी ठेवल्यास अंध व्यक्तीप्रमाणेच इतर प्रेक्षकांनाही किल्ल्याची रचना अधिक चांगली समजेल. कारण ती वर चढणाऱ्यासही एका दृष्टिक्षेपात कळत नाही.

बीबी का मकबरा : औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही समाधी सतराव्या शतकाच्या मध्यास बांधली गेली. सु. ४५८ × २७५ मी. आवाराच्या मध्यावर ती उंच चौथऱ्यावर उभी आहे. चारबाग पद्धतीचे उद्यान व जलमार्गाच्या कडेचे सरळ, सपाट पथ यांमुळे शहरातील स्मारकांत ते चाकांच्या खुर्चीस सर्वाधिक अनुकूल ठरते. चौथऱ्यावर जाण्यास मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. कबर खालच्या पातळीवर संगमरवरी जाळीच्या अष्टकोनी कठड्यात असल्याने ती सर्वच प्रेक्षक वरून पाहतात. ते दृश्य खाली उद्यानात पडद्यावर दाखविणे सहज शक्य आहे. याउलट मकबऱ्याजवळच्या टेकडीतील औरंगाबादची लेणी व सातमाळा डोंगरातील पितळखोरे ही स्थळे पायऱ्यांच्या दीर्घ चढ-उतारामुळे दिव्यांगांस जवळजवळ अप्राप्य राहिली आहेत.

ज्ञानेंद्रियांविषयीच्या गरजा : सुगम्यतेचा विचार पायऱ्यांपाशीच थांबतो, असा अनुभव आहे. शिल्पकला ही मुळात स्पर्शाने जाणता येणारी कला असली, तरी मूळ शिल्पांस वारंवार हात लागल्याने ती झिजतात. म्हणून अंधांसाठी निवडक शिल्पांच्या समआकार प्रतिकृती, उठावाचे नकाशे व ब्रेल फलक करावे लागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये सुरू झालेले ‘अनुभव’ हे स्पर्शदालन या दिशेने उल्लेखनीय आहे. लेण्यांमध्ये ध्वनी हाही अनुभवाचा भाग असतो. वेरूळच्या विश्वकर्मा (क्र. १०) चैत्यगृहात कमानदार छताखाली उच्चारलेला स्वर घुमत राहतो आणि त्यावरून अंध व्यक्तीस दालनाची उंची व खोली यांची कल्पना येते. कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतील चलत्‌चित्रे व सुबोध लिखित माहिती, तर बौद्धिक दिव्यांगांसाठी सोपी वाक्ये व चित्रे असलेल्या पुस्तिका उपयुक्त ठरतात. यांपैकी कोणत्याही उपायासाठी स्मारकाच्या दगडास हात लावावा लागत नाही. तरीही तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहेत.

अन्यत्र झालेले प्रयत्न : शास्त्रज्ञ स्टीव्हन हॉकिंग यांच्या जानेवारी २००१ मधील दिल्लीभेटीच्या वेळी कुतुबमिनारसारख्या स्मारकांत लाकडी रॅम्प तात्पुरते बसविण्यात आले. जे एका पाहुण्यासाठी काही दिवसांत होऊ शकते ते नागरिकांसाठी का होऊ नये, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला. इटलीतील पाँपेई येथे २०१६ मध्ये ३ किमी. हून अधिक लांबीचा सुगम्य मार्ग खुला झाला. अथेन्सच्या अक्रॉपलिसवर २००४ च्या पॅरालिंपिक सामन्यांच्या निमित्ताने उद्‌वाहक बसविण्यात आला व २०२० मध्ये त्याजागी नवा आला. मात्र त्याच सुमारास तेथे घातलेल्या काँक्रीटच्या वाटांवर पुरातत्त्वज्ञांनी टीका केली. मुंबईजवळील घारापुरी येथे धक्क्यापासून छोटी आगगाडी असली, तरी पुढील पायऱ्यांसाठी डोलीचाच आधार आहे.

नियोजन : सुगम्यता ही साखळीसारखी असून तिचा एक दुवा निखळला तरी उरलेले निरुपयोगी ठरतात. घरबसल्या मिळणारी विश्वसनीय पूर्वमाहिती, वाहन, वाहनतळ, तिकीटखिडकीची उंची, स्वच्छतागृह, बाके, सावली, पिण्याचे पाणी, मार्गदर्शकाचे प्रशिक्षण व संकटकाळी बाहेर पडण्याची सोय हे तिचे दुवे होत. कोणत्या लेण्यास किती पायऱ्या आहेत, कोठे कठडा आहे व कोठे नाही, एवढी माहिती प्रवेशद्वाराशी व तिकिटाबरोबर दिली, तरी अनेकांना स्वतःपुरता निर्णय घेता येतो. प्रत्येक स्थळाची पाहणी करून पूर्णतः सुगम्य, साहाय्याने सुगम्य व केवळ पर्यायी दर्शनास योग्य, असे त्याचे तीन विभाग पाडणे आणि या पाहणीत पुरातत्त्वज्ञ, स्थापत्यविशारद व स्वतः दिव्यांग व्यक्ती यांना आरंभापासून सहभागी करून घेणे हितावह असते. दिव्यांगांच्या अनुपस्थितीत केलेल्या सोयी पुष्कळदा कागदोपत्री निर्दोष परंतु वापरास निरुपयोगी ठरतात. अतितीव्र रॅम्प व कुलूपबंद स्वच्छतागृह ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

प्रत्येक प्राचीन वास्तूचा प्रत्येक कोपरा प्रत्येकास गाठता येईल असे नाही, आणि तसा दावा जतनाच्या दृष्टीने इष्टही नाही. परंतु जे अशक्य आहे त्याच्या सबबीवर जे शक्य आहे तेही न करणे समर्थनीय ठरत नाही. वेरूळच्या प्रांगणातील एका उंबरठ्यावर ठेवलेली फळी, अजिंठ्याच्या पायथ्याशी नियमित चालू राहणारे प्रतिकृतिदालन आणि मकबऱ्याच्या उद्यानातील एक ब्रेल फलक यांना मोठा खर्च लागत नाही. त्यांची देखभाल करणारी स्थायी यंत्रणा मात्र लागते. वारसास्थळाच्या व्यवस्थापनाची कसोटी यापुढे तेथे किती प्रेक्षक आले यावर अवलंबून राहणार नाही. कोणास प्रवेशद्वारावरून परतावे लागले, याचाही तीत विचार करावा लागेल.